मोदेना परिसरातील मोटार संग्रहालये आणि तिथले खाणे: पाच दिवस कसे वाटून घ्यावेत?

कुर्लाकर

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही चौघे उत्तर इटलीला जाणार आहोत. वडील १९७४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी मोटारींच्या गिअरबॉक्सची जुळणी करत होते आणि शेवटची काही वर्षे फियाट उनोच्या जुळणीवर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी रस्त्यावरून एखादी जुनी काळीपिवळी गेली की तिचा दुसरा गिअर नीट पडत नाही, हे ते हातातला कप खाली न ठेवता सांगतात. पत्नीला मोटारींचे कौतुक नाही. पदार्थ जिथला असेल तिथे जाऊनच खावा, असे तिचे मत आहे. आई शाकाहारी आहे आणि तिला अंडेही चालत नाही.

मी कागदावर असा बेत केला आहे: मिलानजवळ आरेझे येथील आल्फा रोमिओचे संग्रहालय, तुरीनचे राष्ट्रीय मोटार संग्रहालय, मग मोदेना, फेरारीचे मारानेल्लो, लाम्बोर्गिनीचे सांत-आगाता आणि शेवटी बोलोन्या. हे सगळे भाड्याच्या मोटारीने पाच दिवसांत बसवायचे आहे. मात्र तिसऱ्या संग्रहालयानंतर सगळ्या लाल मोटारी सारख्याच दिसू लागतील, अशी शंका मला आत्ताच येऊ लागली आहे. काय गाळावे आणि आईने काय खावे, या दोन्ही प्रश्नांवर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

तिरकस

पाच दिवसांत सहा संग्रहालये आणि चार माणसांचे जेवण, असा बेत पाहता वडिलांना फेरारी पाहायची नसून चालवायची आहे असे दिसते. एरवी हे अंतर वेळेत कापता येणार नाही.

रानजाई

मी आठ वर्षे मोदेनात राहते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मिलान गाळा. मोदेनात मुक्काम ठेवला तर मारानेल्लो, सांत-आगाता बोलोन्येझे आणि पागानी मोटारींचे सान चेझारियो ही तिन्ही गावे साधारण अर्ध्या तासाच्या परिघात येतात आणि बोलोन्या तर आगगाडीने जेमतेम अर्ध्या तासावर आहे. रोज सामान बांधायला नको आणि रोज नवी खानावळ शोधायलाही नको.

मोदेना स्थानकाजवळच एन्झो फेरारींचे संग्रहालय आहे. त्यांच्या वडिलांचे घर आणि लोखंडकामाची कर्मशाळा जशीच्या तशी राखून तिच्या शेजारी पिवळ्या ॲल्युमिनियमच्या छपराचे दालन उभे केले आहे. पिवळा हा मोदेना शहराचा रंग आहे. यान काप्लित्स्की या वास्तुरचनाकाराने ते आखले; तो २००९ मध्ये वारला आणि दालन २०१२ मध्ये उघडले. मारानेल्लोचे संग्रहालय वेगळे आहे. शर्यतीच्या मोटारी, चषक आणि गर्दी हे सगळे तिथे आहे. दोन्हींचे एकत्र तिकीट मिळते आणि स्थानकावरून बसही सुटते. तुमच्या वडिलांना मोदेनाचे अधिक आवडेल असा माझा अंदाज आहे, कारण तिथे इंजिने नुसतीच उघडी मांडलेली आहेत आणि त्यांच्याभोवती फिरून पाहता येते.

खाण्यासाठी पत्नीला सकाळी अल्बिनेल्ली बाजारात घेऊन जा. १९३१ सालचा छताखालचा बाजार आहे. भाजी, चीज आणि हाताने वळलेले तोर्तेल्लिनी (सारण भरलेला छोटा पास्ता) तिथे एकाच फेरीत दिसतात.

चक्रधर

रानजाई यांच्याशी मी सहमत नाही. मी पुण्यात मोटार उद्योगात पंचवीस वर्षे काढली आहेत आणि कामानिमित्त दोन्ही शहरांत राहिलो आहे. कुर्ल्यात पद्मिनी जोडलेल्या माणसाला मोदेनाला नेणे म्हणजे पंढरपूरच्या वारकऱ्याला तिरुपती दाखवण्यासारखे आहे. देवस्थान मोठे असेल, पण त्याचे दैवत वेगळे आहे. पद्मिनी म्हणजे फियाटची ११००, आणि फियाट म्हणजे तुरीन.

तिथल्या लिंगोत्तो कारखान्याचे १९२३ मध्ये उद्घाटन झाले. कच्चा माल तळमजल्यावर आत यायचा, मोटार जुळत जुळत एकेक मजला वर चढायची आणि पूर्ण झाली की थेट गच्चीवरच्या चाचणीमार्गावर धावायची. १९८२ मध्ये उत्पादन थांबले, पण चक्राकार चढण आणि गच्चीवरचा मार्ग अजून आहे. आता तिथे बाग केली आहे आणि त्या कललेल्या वळणांवर चालता येते. राष्ट्रीय मोटार संग्रहालय तिथून जवळच आहे. १९०७ ची पेकिंग ते पॅरिस शर्यत जिंकणारी इताला मोटार तिथे उभी आहे. एका कंपनीची जाहिरात पाहण्यापेक्षा संपूर्ण मोटारविद्येचा इतिहास पाहणे केव्हाही चांगले.

आणखी एक बाब. टाटा इंडिकाच्या रेखाटनाचे कामही तुरीनच्याच एका संस्थेने केले होते. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर मोदेनापेक्षा तुरीनची छाप कितीतरी जास्त आहे.

भटकभवानी

चक्रधर यांचा मुद्दा मान्य आहे, पण प्रश्न चौघांचा आहे. तुरीनमध्ये आई आणि सूनबाई काय करणार?

भाड्याच्या मोटारीबद्दल एक इशारा देते. इटलीतील जुन्या शहरांच्या मध्यभागी ठरावीक वाहनांनाच प्रवेश असतो आणि प्रवेशद्वारावर कॅमेरे असतात. आम्ही हॉटेल शोधताना अशा एका भागात दोनदा शिरलो. कोणी अडवले नाही, कोणी शिट्टी वाजवली नाही, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पाच महिन्यांनी ठाण्याच्या पत्त्यावर दोन दंडपत्रे आली, आणि भाड्याने मोटार देणाऱ्यांनी आमचा पत्ता कळवल्याचे शुल्क त्याआधीच कार्डावरून वसूल केले होते. हॉटेल अशा भागात असेल तर मोटारीचा क्रमांक त्यांच्याकडे आधी नोंदवून घ्या. शिवाय आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोबत हवाच. आगगाडीने फिरलात तर हे काहीच नको. फक्त प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घ्या.

तुळशीवृंदावन

आईंच्या आहाराचा प्रश्न विचारला आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. पार्मिजानो रेज्जानो हे चीज शाकाहारी नाही. दूध विरजवण्यासाठी त्यात वासराच्या जठरातून काढलेले रेनेट घालतात आणि नियमाप्रमाणे दुसरे काही चालतच नाही. भारतात होणारे बरेचसे चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचे असते, त्यामुळे आपल्या लोकांच्या हे लक्षात येत नाही. ‘आम्ही फक्त पास्ता आणि चीज खाल्ले’ असे सांगणारे अनेक कट्टर शाकाहारी मला भेटले आहेत आणि त्यांना ही माहिती देण्याचे पातक मी पुष्कळदा केले आहे.

तिरकस

तुळशीवृंदावन, आपल्याला लोक सहलीला बरोबर नेत नसावेत, असा एक नम्र तर्क आहे.

तुळशीवृंदावन

नेतात. परतल्यावर बोलत नाहीत.

रानजाई

तुळशीवृंदावन यांनी दिलेली माहिती बरोबर आहे. त्यात भर घालते, कारण आमच्या या एमिलिया प्रदेशात अडचण फक्त चीजची नाही. इथला ताजा पास्ता अंड्यातच मळतात. तोर्तेल्लिनी मांसाच्या रश्श्यात वाढतात आणि त्यांच्या सारणातही डुकराचे मांस असते. न्योक्को फ्रित्तो दिसायला आपल्या पुरीसारखा फुगतो, पण पारंपरिक पद्धतीत तो डुकराच्या चरबीत तळतात. तिगेल्ले म्हणून मिळणाऱ्या छोट्या गोल भाकऱ्या निरुपद्रवी वाटतात, पण पिठात बहुधा चरबी असते आणि आत लावायला लसूण, रोझमेरी घालून वाटलेली चरबीच देतात. (जाता जाता: तिगेल्ला हे मुळात ती भाकरी भाजायच्या मातीच्या तबकडीचे नाव. भाकरीला क्रेशेंतीना म्हणायचे. पण आता मोदेनाबाहेर हे कोणाला सांगून उपयोग नाही.)

आईंसाठी दोन शब्द पाठ करा: ‘सेन्झा ऊओवा’ म्हणजे अंड्याशिवाय आणि ‘सेन्झा स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराच्या चरबीशिवाय. ‘ब्रोदो’ हा शब्द दिसला की तो रस्सा मांसाचा आहे असेच धरा. रिसोत्तो या भाताच्या प्रकारातही तो असू शकतो. अंड्याविना कोरडा पास्ता टोमॅटोच्या सॉसमध्ये कुठेही करून देतात. मारिनारा पिझ्झावर चीज नसतेच. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच. पोलेंता म्हणजे मक्याच्या रव्याचा घट्ट सांजा, तोही विचारून घेतला तर चालेल. भाजलेल्या भाज्या सगळीकडे मिळतात.

आणि एक जागा आवर्जून सांगते. रेज्जो एमिलिया प्रांतातल्या नोवेल्लारा गावी २००० साली उघडलेला मोठा गुरुद्वारा आहे. या खोऱ्यातल्या गोठ्यांमध्ये गाईंची देखभाल आणि दूध काढण्याचे काम अनेक ठिकाणी पंजाबी मंडळी करतात, त्यामुळे पार्मिजानोच्या दुधामागे शीख हात पुष्कळ आहेत. तिथल्या लंगरात आई निश्चिंत मनाने जेवतील.

अन्नपूर्णा६४

मला मोटारींतले काही कळत नाही. यजमानांच्या आग्रहास्तव दोन वर्षांपूर्वी मारानेल्लोला गेले आणि दुसऱ्या दालनातल्या बाकावर बसून राहिले. पण त्याच सहलीत एका चीज कारखान्यात आणि एका बाल्सामिक व्हिनेगरच्या माळ्यावर गेले, आणि तिथून मला उठवायला यजमानांना यावे लागले.

चीज करणे सकाळीच चालते, त्यामुळे नऊच्या आत पोहोचावे लागते. आदल्या संध्याकाळचे दूध रात्रभर पसरट टाक्यांत ठेवून वरची साय काढतात, त्यात सकाळचे निरसे दूध मिसळतात आणि उलट्या घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या हंड्यात ओततात. आदल्या दिवशीच्या निवळीचे विरजण आणि रेनेट घातले की थोड्या वेळात दही लागते. मग मोठ्या रवीसारख्या जाळीदार अवजाराने ते तांदळाच्या दाण्याएवढे बारीक फोडतात आणि ५५ अंशांपर्यंत तापवतात. तळाशी बसलेला गोळा दोघे जण कापडात धरून वर काढतात आणि त्याचे दोन भाग करतात. त्यांना ते जुळी म्हणतात. एका चाकाला सुमारे ५५० लिटर दूध लागते आणि ते साधारण ४० किलोचे भरते. पुढे सुमारे वीस दिवस मिठाच्या पाण्यात आणि मग किमान १२ महिने फळीवर. वर्षानंतर पारखी येतो, प्रत्येक चाकावर छोट्या हातोडीने ठोके देतो आणि आवाजावरून आत पोकळी किंवा तडा आहे का ते ओळखतो. आमची आजी बाजारात कलिंगड असेच ठोकून घ्यायची, फक्त तिला कोणी प्रमाणपत्र दिले नाही.

व्हिनेगरबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते. कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

चक्रधर

अन्नपूर्णा६४, कारखान्यात आम्ही ओतीव भागांना असेच ठोकून पाहत असू. तडा असेल तर नाद बद्द येतो. कुर्लाकर यांच्या वडिलांना ही हातोडी मोटारीइतकीच आवडेल.

अन्नपूर्णा६४

आता व्हिनेगर. दुकानात स्वस्त मिळते ते वेगळे. त्यात द्राक्षरसाबरोबर वाइनचे व्हिनेगर असते आणि ते ६० दिवसांतही विकायला काढता येते. पारंपरिक म्हणून विकतात ते केवळ द्राक्षाच्या आटवलेल्या रसाचे. हा रस उघड्या कढयांत मंद आचेवर आटवतात आणि लहान होत जाणाऱ्या पिंपांच्या ओळीत भरतात. ओक, चेस्टनट, चेरी, तुती, ज्युनिपर अशा वेगवेगळ्या लाकडांची ही पिंपे घराच्या माळ्यावर ठेवतात, कारण उन्हाळ्याची तलखी आणि हिवाळ्याची थंडी दोन्ही त्यांना हवी असते. दरवर्षी सर्वांत लहान पिंपातून थोडे काढायचे, ते त्याच्याहून मोठ्यातून भरायचे, असे करत शेवटी सर्वांत मोठ्यात नवा रस ओतायचा. किमान १२ वर्षे लागतात; २५ वर्षांच्या वरचे असेल तर त्याला ‘एक्स्त्रावेक्यो’ म्हणतात. काही घरांत मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपांची ओळ मांडायची रीत होती.

मोदेनाच्या या व्हिनेगरची बाटली ठरलेली आहे: १०० मिलिलिटरची, गोल पोटाची आणि चौकोनी बैठकीची. ती बाटली जॉर्जेत्तो जुजारो यांनी आखली, असे तिथल्या बाईंनी सांगितले. यजमान एकदम सावध झाले. हे कोण, ते मला आजतागायत नीट कळलेले नाही.

चक्रधर

अहो, जुजारो म्हणजे मोटारींना आकार देणाऱ्यांतले अग्रगण्य नाव! १९८३ ची फियाट उनो त्यांचीच. कुर्लाकर, तुमच्या वडिलांनी शेवटची वर्षे ज्या मोटारीवर काढली, तिचा आणि त्या व्हिनेगरच्या बाटलीचा जनक एकच आहे. हे त्यांना माझ्याकडून सांगा.

तिरकस

१०० मिलिलिटर म्हणजे विमानात हातातल्या पिशवीतून नेता येईल नेमके तेवढे. या कामासाठी मोटारींचा जाणकार का बोलावला ते आता कळले; सामान ठेवायला जागा न देणे ही त्या लोकांची खासियत आहे.

नेरळचा_वाटसरू

संग्रहालयांबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. फेरारी सगळेच पाहतात. तुम्ही बोलोन्याजवळ फूनो येथील फेरूच्चो लाम्बोर्गिनी संग्रहालय पाहा. सांत-आगाता येथील कंपनीच्या संग्रहालयाशी त्याची गल्लत करू नका. हे त्यांच्या मुलाने उभे केले आहे आणि आत शिरताच पहिल्यांदा ट्रॅक्टर दिसतात. फेरूच्चो शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १९१६ चा. युद्धानंतर टाकाऊ लष्करी वाहनांचे भाग वापरून त्यांनी ट्रॅक्टर बनवले. पेट्रोल महाग होते, म्हणून इंजिन पेट्रोलवर सुरू व्हायचे आणि तापल्यावर डिझेलवर चालायचे, अशी त्यांची युक्ती होती. १९४८ मध्ये स्वतः सुधारलेली छोटी फियाट घेऊन ते मिल्ले मिल्या शर्यतीत उतरले आणि ती शर्यत त्यांनी एका खानावळीच्या भिंतीत संपवली. मोटार आणि खाणे यांचा इतका थेट संबंध दुसऱ्या कोणी जोडला नसेल.

१९६३ मध्ये मोटारींचा कारखाना का काढला, तर त्यांच्या फेरारीचा क्लच सारखा बिघडत होता; उघडून पाहिला तर त्यांच्याच ट्रॅक्टरला बसणाऱ्या क्लचसारखा निघाला. तक्रार केली तेव्हा एन्झोंनी ‘तुम्ही ट्रॅक्टरच चालवा’ अशा अर्थाचे उत्तर दिले.

चक्रधर

ही कथा सांगितली ती फेरूच्चो यांनीच, आणि ती अर्थातच त्यांच्या बाजूची आहे. यशस्वी ट्रॅक्टर उत्पादकाला महाग मोटारीत नफा दिसला असेल, हे कारणही पुरेसे आहे. मात्र गिअरबॉक्स जोडणाऱ्या माणसासमोर ही शंका काढू नये. क्लचवरून भांडण झाले, यावर त्यांचा तत्काळ विश्वास बसेल.

नेरळचा_वाटसरू

मान्य. पण ट्रॅक्टर खरे आहेत, ते हात लावून पाहता येतात! (हात लावू नये, अशी पाटी आहे.) माझे म्हणणे एवढेच की पो नदीच्या या खोऱ्यातल्या वेगवान मोटारी राजवाड्यांतून आल्या नाहीत. एन्झोंचे वडील लोखंडकाम करणारे, फेरूच्चो शेतकऱ्याचे. ज्यांना नांगर, पंप आणि मळणीयंत्र स्वतः दुरुस्त करावे लागत होते त्यांच्यातच इंजिन जुळवणारे हात तयार झाले. मोदेनाजवळ पानिनी कुटुंबाचा मोटारसंग्रह पाहिलात तर हे डोळ्यांना दिसते. तो एका दुग्धशाळेच्या आवारात आहे. १९९६ मध्ये मासेरातीच्या जुन्या मोटारी लिलावात परदेशी जाण्याची वेळ आली, तेव्हा उम्बेर्तो पानिनी यांनी त्या विकत घेऊन मोदेनातच ठेवल्या. एका इमारतीत मासेराती, शेजारच्या इमारतीत पार्मिजानो. आधी कळवून जा. कुर्लाकर, तुमच्या घरातले दोन्ही पक्ष तिथे एकाच फाटकातून आत जातील.

बखरकार

धाग्याचा विषय सोडत नाही, पण फेरारीच्या चिन्हाबद्दल थोडे लिहितो. उधळलेला काळा घोडा हा पहिल्या महायुद्धातील वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का यांच्या विमानावर होता. ते राव्हेन्ना प्रांतातल्या लुगो गावचे. १९२३ मध्ये राव्हेन्नाजवळची एक शर्यत जिंकल्यानंतर एन्झोंची बाराक्कांच्या आईवडिलांशी ओळख झाली आणि हे चिन्ह त्यांच्याकडून मिळाले, असे स्वतः एन्झो सांगत. लुगोत बाराक्कांच्या घरात संग्रहालय आहे आणि तिथे त्या काळातले विमानही आहे. बोलोन्याहून आगगाडीने जाता येते.

आता मराठी माणसाने लुगोला जाण्याचे दुसरे कारण. गावाजवळून सेनिओ नावाची नदी वाहते. ९ एप्रिल १९४५ रोजी या नदीवरच्या हल्ल्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीतील शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून एकेक करून अलीकडे आणले, मग परत जाऊन शत्रूच्या मशीनगनच्या जागा बंद पाडल्या आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते नगर जिल्ह्यातले. मी त्या बांधावर उभा राहिलो तेव्हा दोन्ही बाजूंना फळबागा होत्या आणि नदी आपल्याकडच्या एखाद्या ओढ्यापेक्षा फार मोठी नव्हती. फोर्ली येथे भारतीय सैनिकांची स्वतंत्र स्मशानभूमी आहे. वेळ असल्यास तिथेही जावे.

भटकभवानी

बखरकार, हे ठाऊक नव्हते. आम्ही लुगोवरून दोनदा गेलो आणि उतरलो नाही.

तिरकस

मारानेल्लोत संग्रहालयाबाहेर दहा मिनिटे फेरारी चालवायला देणारे बरेच जण उभे असतात. शेजारी त्यांचा माणूस बसतो. मी शंभराच्या आसपास युरो देऊन हे केले आहे. त्या दहा मिनिटांत दोन सिग्नल, एक वर्तुळाकार चौक आणि पुढे भाजीचा टेम्पो लागला. पुण्यात हा अनुभव मोफत मिळतो.

कुर्लाकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हा संपूर्ण धागा वडिलांना वाचून दाखवला. चक्रधर यांचा जुजारोंचा निरोप ऐकून ते काही बोलले नाहीत. उठून कपाटातून कारखान्यातला जुना मोजपट्टीचा संच काढला आणि पुसून परत ठेवला. मग म्हणाले, “फेरारी मी कधी उघडलेली नाही, ती लांबून पाहीन. ट्रॅक्टर मात्र दाखव.”

त्यामुळे आता मिलान गाळले आहे. मोदेनात चार रात्री राहायचे: पहिल्या दिवशी एन्झोंचे संग्रहालय आणि बाजार, दुसऱ्या दिवशी सकाळी चीज व पानिनी संग्रह आणि दुपारी व्हिनेगरचा माळा, तिसऱ्या दिवशी फूनो आणि बोलोन्या, चौथ्या दिवशी लुगो. पाचव्या दिवशी आगगाडीने तुरीन आणि तिथूनच परत. मारानेल्लो गळले, याचे मलाच जरा वाईट वाटते आहे. फूनोसाठी टॅक्सी करू. भाड्याची मोटार रद्द केली. तुरीनमध्ये आईला काय मिळेल, एवढाच प्रश्न उरला.

चक्रधर

फारिनाता. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल, एवढेच कालवून मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजतात. मूळ लिग्युरियाचे, पण तुरीनच्या पिझ्झेरियांतही मिळते. अंडे नाही, चीज नाही, चरबी नाही. बान्या काउदा या गरम सॉसच्या वाटेला मात्र जाऊ नका; नाव गोड असले तरी त्यात मासे असतात.

तुळशीवृंदावन

फारिनाता चालेल. माझी हरकत नाही.

तिरकस

धाग्याला प्रमाणपत्र मिळाले. हातोडी मारून पाहिली का?

कुर्लाकर

परत आलो त्याला आता तीन आठवडे झाले. थोडक्यात अहवाल देतो.

आई नोवेल्लाराच्या लंगरात दोनदा जेवली, कारण तिने दुसऱ्यांदा जायचा हट्ट धरला; त्यापायी बोलोन्या निम्मेच झाले. चीज कारखान्यात तिने चीज खाल्ले नाही, पण निवळीचे विरजण कसे राखतात हे रानजाई यांच्या मदतीने तिथल्या बाईंना इतके खोदून विचारले की शेवटी त्या बाईंनीच आपल्या दह्याची कृती विचारून घेतली. पत्नीने पहिल्या दिवशी बाजारात केलेली खरेदी पाचव्या दिवशी तुरीनला संपली.

वडील फूनोला एका ट्रॅक्टरपाशी पाऊण तास होते. इंधन बदलण्याची जोडणी त्यांनी बोटाने हवेत रेखाटून दाखवली आणि तिथल्या वृद्ध सेवकाने मान डोलावली. भाषेची गरज दोघांनाही पडली नाही. लुगोला बखरकार यांनी लिहिलेला बांध सापडला. आम्ही तिथे फार बोललो नाही. लिंगोत्तोच्या गच्चीवर मात्र वडील बरेच बोलले. कुर्ल्यात तयार मोटार कोणत्या फाटकातून, कोणत्या चाचणीला जायची, तेव्हा कोणाची पाळी असायची, हे सगळे त्यांनी त्या कललेल्या वळणावर उभे राहून सांगितले. त्यांपैकी निम्मे मी प्रथमच ऐकले. फारिनाता आईला आवडली. ‘ओवा घालायला विसरले आहेत’ एवढाच तिचा शेरा होता.

बारा वर्षांच्या व्हिनेगरची एक बाटली आणली. सुमारे पन्नास युरो गेले. घरी कोणी खाणार नाही असे वाटले होते, पण आईने दोन थेंब पपईच्या फोडींवर घालून पाहिले आणि आता बाटली अर्ध्याखाली आली आहे. वडील ती जपून वापरा म्हणतात. रिकामी झाली की त्यांना ती उनोच्या फोटोशेजारी ठेवायची आहे, आणि आई म्हणते, तिच्यात हिंग ठेवीन.